वाचनालयाची एक भिंत गावातल्या कलाकारांना द्यायची असेल तर

आपल्याकडे कलाप्रदर्शन म्हटलं की सगळ्यात आधी पाहुणा कोण बोलवायचा हे ठरते, मग बिछायतवाला, मग फ्लेक्स, मग शाल-श्रीफळ, आणि ज्याचं चित्र आहे तो माणूस मागच्या खुर्चीवर अंग चोरून बसलेला असतो. दोन तासांत भाषणं आटोपतात, संध्याकाळी बिछायतवाला कापड गुंडाळून नेतो, दुसऱ्या दिवशी गावाला आठवते फक्त कोण पाहुणा आला होता ते. म्हणून माझं स्पष्ट म्हणणं आहे, गावच्या वाचनालयानं महोत्सवाच्या फंदात पडूच नये. एक भिंत घ्या, एका वेळी एकच माणूस, महिनाभर. बस्स. पुढच्या महिन्यात दुसरा.

वाचनालयाजवळ जे आहे ते शहरातल्या गॅलरीजवळ पण नाही, तिथे लोक रोज येतातच. सकाळी पेपरवाले म्हातारे, दिवसभर अभ्यासिकेतले पोलीस भरती अन् एमपीएससीचे पोट्टे, शाळा सुटली की लेकरं. कोणाला मुद्दाम चित्रं पाहायला बोलवायची गरजच नाही, तेच चित्र येता-जाता डोळ्याखालून जाते आणि दहा-पंधरा दिवसांनी कोणीतरी पेपर खाली ठेवून विचारतो, "हे कोणं काढलं बे?" इथून पुढे खरं काम सुरू होते.

आधी भिंत पाहा

गावातली बरीचशी वाचनालयं एक-दोन खोल्यांची. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये कायद्याखाली अ, ब, क, ड असे वर्ग आहेत आणि खेड्यातलं वाचनालय बहुतेक करून खालच्या वर्गात असते, अनुदान येते ते पगार, पुस्तकं अन् पेपरातच जाते. त्यामुळे या कामाला अनुदानातून काही निघंल अशी आशा धरू नका, आणि तशी गरज पण नाही. दहा-बारा फुटाची एक मोकळी भिंत पाहिजे, एवढंच.

भिंत निवडताना हात लावून पाहा. पावसाळ्यात खालून ओल चढते का, पोपडे निघतात का, कोपऱ्यात वाळवीची मातीची रेघ दिसते का. वाळवी असेल तर ती भिंत सोडाच, कारण तिला कागदही चालते आणि लाकडी फ्रेम तर तिचं जेवणच. खिडकीतून थेट ऊन पडते ती भिंत पण नको, विशेषतः पश्चिमेच्या खिडकीसमोरची. उन्हानं जलरंग उडतात, स्केचपेन तर महिनाभरात फिकं पडते, आणि एकदा उडालेला रंग परत येत नाही. पण अंधारी भिंत पण नको, कारण लाईट कधी जाईल ते सांगता येत नाही, म्हणून दिवसा खिडकीचा उजेड बाजूनं पडतो अशी भिंत सगळ्यात बरी.

अभ्यासिकेतल्या पोरांच्या डोक्यावरची भिंत घेऊ नका. लोक चित्र पाहायला येतील, बोलतील, आणि परीक्षेच्या तोंडावर असलेला पोरगा चिडंल, त्याचं चिडणं बरोबरच आहे. पेपरच्या स्टँडजवळची भिंत चांगली, तिथे बोललं तरी चालते.

समितीचा ठराव घ्या, तोंडी नको. इमारत ग्रामपंचायतीची असेल तर सरपंच अन् ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (आधीचा ग्रामसेवक) एक पत्र देऊन ठेवा. ठराव दोन ओळींचा पुरे: अमुक भिंत स्थानिक कलाकारांच्या कामासाठी दरमहा विनामूल्य द्यावी, निवड तीन जणांनी करावी, त्यात एक बाई असावी, विक्रीत वाचनालयाचा वाटा राहणार नाही. हा शेवटचा मुद्दा आधीच लिहून घेतला नाही तर पहिलं चित्र विकलं गेलं त्या दिवशी समितीत कोणाला तरी दहा टक्के आठवतातच. आणि एका माणसाला वर्षातून एकदाच भिंत मिळंल हेही त्याच ठरावात टाका, नाहीतर अध्यक्षाचा पुतण्या तीन महिने उतरत नाही. ठराव दाखवता येतो, त्यामुळे नाही म्हणणं सोपं जाते अन् वाईटपण कोण्या एकाच्या अंगावर येत नाही.

माणसं कुठे सापडतात

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. नोटीस बोर्डावर "कलाकारांनी संपर्क साधावा" असं लिहिलं की येतात कोण, तर तालुक्याच्या ठिकाणी क्लास लावलेले दोघं-तिघं. ते पण चांगलेच आहेत, त्यांना घ्या. पण गावातला जो खरा हात चालवणारा माणूस आहे तो स्वतःला कलाकार समजतच नाही, तो ती नोटीस वाचून पुढे निघून जातो.

म्हणून घरी जा. पहिलं घर पेंटरचं. दुकानाच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरची नावं, शाळेच्या भिंतीवरचे नकाशे, मंदिराच्या मंडपातले हत्ती, हे सगळं ज्यानं वीस-वीस वर्षं रंगवलं अन् फ्लेक्स आल्यावर ज्याचा धंदा बसला, तो माणूस प्रत्येक मोठ्या गावात एक तरी आहे. त्याचा देवनागरी अक्षरावरचा हात पाहा, ब्रश न उचलता "श्री" काढतो. त्याला म्हणा, बाराखडी लाव भिंतीवर, तुझ्या वळणाची. चित्रापेक्षा जास्त लोक थांबतील.

मग सुतार. आपल्याकडे विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, लेकरांचे लाकडी बैल. चाकं लावलेला, पाठीवर झूल रंगवलेला बैल प्रत्येक घरात माळ्यावर असतोच, कोणाकोणाकडे आजोबाच्या वेळचा पण असतो. तो कोणं घडवला विचारत गेलात की दोन-तीन नावं परत परत येतात, तीच तुमची माणसं. असाच एक सुतारबाबा, वय सत्तरीच्या पुढचं, त्यांच्याकडे गेलो तर म्हणाले, "ह्यात काय दाखवायचं जी, हे तं लेकराईचं खेळणं हाये." मग बोलता बोलता त्यांनी एक अर्धवट बैल काढला, सागाचा, अजून पॉलिश-पेपर न मारलेला, मानेखालची पोळी, म्हणजे लोंबती कातडी, कशी पातळ केली ते बोट फिरवून दाखवलं अन् म्हणाले, बाजारातल्या बैलाले ही नसते, तो नुसता ठोकळा राह्यते. हाच अर्धवट बैल प्रदर्शनात पूर्ण बैलाच्या बाजूला ठेवायचा असतो. नुसता रंगवलेला बैल पाहून लोक "छान" म्हणून पुढे जातात, अर्धवट पाहिला की थांबतात.

बायांकडे जायचं तर आपल्या ओळखीच्या बाईला सोबत घ्या. रुखवत करणाऱ्या, महालक्ष्म्यांची आरास मांडणाऱ्या, भुलाबाईच्या मातीच्या मूर्ती करणाऱ्या, गोधड्या शिवणाऱ्या. अंगणवाडी ताई आणि बचत गटाची अध्यक्ष या दोघींना कोणाच्या हातात काय आहे ते गावातल्या कोणाहीपेक्षा जास्त माहीत असते. शाळेतल्या चित्रकलेच्या सरांना विचारा एलिमेंटरी-इंटरमिजिएटला चांगली ग्रेड मिळालेल्या पोरी आता कुठे आहेत. बऱ्याच जणींचं लग्न झालं, ब्रश सुटला, पण ट्रंकेत कागद असतात.

बाकी तुमचा भाग कोणता त्यावर आहे. वडसा-ब्रह्मपुरीकडे असाल तर झाडीपट्टीच्या नाटकांचे पडदे रंगवणारे शोधा, दिवाळीनंतर सीझन सुरू झाला की ते हाती लागत नाहीत, त्यांना पावसाळ्यातच गाठा. मोहाडी-आंधळगावकडे कोशाचे, म्हणजे टसर रेशमाचे विणकर, करवती काठाचं कापड. भंडाऱ्याकडे पितळेचं काम. चंद्रपूर-गडचिरोलीत बांबू, आणि बुरडाचं घर तर जवळपास सगळीकडेच आहे. सूप, टोपली अन् डाली यांचं प्रदर्शन लावायचं म्हटलं की समितीत कोणीतरी हसंल. हसू द्या. सूप हातात घेऊन त्याची वीण कुठून सुरू होते ते शोधायला सांगा त्याला.

मेळघाटात किंवा गडचिरोलीत आदिवासी घरांतलं काम दाखवायचं असेल तर एक काळजी घ्या. सगळंच दाखवायसाठी नसते. कोरकू लोक मृतांच्या स्मरणार्थ कोरीव लाकडी मुंडा उभारतात, ती शोभेची वस्तू नाही, ती उचलून वाचनालयात आणायची नाही. देवाशी, मरणाशी संबंधित काही दिसलं तर आधी घरच्या मोठ्या माणसांना विचारा, अन् ते गप्प बसले तर तेच उत्तर समजा. भिंतीवरची चित्रं असतील तर त्या बाईलाच कागदावर किंवा मातीनं सारवलेल्या प्लायवर काढायला सांगा, सामानाचे अन् तिच्या दिवसाच्या मजुरीचे पैसे देऊन. रोजी बुडवून कोणी फुकट कला दाखवावी ही अपेक्षा धरणं बरोबर नाही.

भिंत सगळ्या मोहल्ल्यांत फिरली पाहिजे हे पण डोक्यात ठेवा. वर्षभराची यादी मांडून पाहा, बाराही नावं एकाच आळीतली निघाली तर शोधणाऱ्यांनी चपला झिजवल्या नाहीत असा त्याचा अर्थ.

कोणत्या महिन्यात काय

आपल्या हवेचा अन् शेतीचा हिशोब करूनच ठरवा. जून ते सप्टेंबर कागद नको, दमटपणानं कागद फुगतो, काचेच्या आत बुरशी धरते. त्या महिन्यांत लाकूड अन् पितळ लावा, पोळ्याच्या महिन्यात बैल तर आपोआपच बसतात. भादव्याच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सोयाबीन निघते, कापूस वेचणी लागते, पूर्वेकडे धान कापणी, त्या काळात कलाकाराला पण वेळ नसतो अन् पाहणाऱ्याला पण, तेव्हा लेकरांची चित्रं लावून मोकळे व्हा. १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन त्यातच येतो, शाळा खूश होते. डिसेंबर ते फेब्रुवारी हे सोन्यासारखे महिने, हवा कोरडी, लोक मोकळे, चित्रं आणि कापड तेव्हाच.

एप्रिल-मे मध्ये एक वेगळाच त्रास. बाहेर पंचेचाळीस डिग्री आणि आत कूलर. कूलरची ओली हवा सरळ कागदावर गेली की चित्र लाटांसारखं वाकते, दोन-तीन दिवसांत. कूलर बंद ठेवा असं अभ्यासिकेतल्या पोरांना सांगायची हिंमत माझ्यात नाही, तुमच्यातही नसावी. तेव्हा उन्हाळ्यात कागद लावायचाच नाही, बांबू किंवा मातीचं काम ठेवा, अन् तेही कूलरच्या झोताच्या बाहेर.

आणताना चिठ्ठी

गावातलाच माणूस आहे, लिहून काय घ्यायचं, असं वाटते. पण वस्तू ओळखीच्या माणसाची असते तेव्हाच लिहून घ्यावं, म्हणजे ओळख टिकते. एका कागदावर प्रत्येक वस्तूचं नाव, माप, कशाचं केलं, वर्ष, किंमत किंवा "विक्रीसाठी नाही", आणि आणताना कशी होती. कोपरा दुमडलेला असेल, शिंग तुटून जोडलेलं असेल तर ते लिहा आणि मोबाईलवर समोरून-मागून फोटो काढा. घेतल्याची तारीख, परत द्यायची तारीख, दोघांच्या सह्या, एक कॉपी त्याला. सही येत नसेल तर चिठ्ठी मोठ्यानं वाचून दाखवा, मग अंगठा. तुटफूट झाली तर वाचनालय काय देईल तेही त्यातच. विमा वगैरे आपल्याला झेपत नाही, पण "दुरुस्तीचा खर्च वाचनालय करेल, हरवलं तर लिहिलेल्या किमतीपर्यंत भरून देईल" एवढं लिहिता येते. तेवढी पण तयारी नसेल तर तसं तोंडावर सांगा, अन् त्या माणसानं आजोबाचा बैल द्यायचा की नाही ते त्याला ठरवू द्या.

किंमत लावताना बाया हमखास कमी सांगतात. "द्या जी कितीही." नाही. सामान किती लागलं, किती दिवस बसली, त्या दिवसांची निंदणाची मजुरी काय झाली असती, एवढं कागदावर मांडा तिच्यासमोर. आकडा आपोआप वर येतो. पैसे घ्यायचे ते थेट तिच्या खात्यात किंवा तिच्या हातात, वाचनालयाच्या गल्ल्यातून फिरवू नका. तिच्या मोबाईलवर यूपीआय नसेल तर बचत गटाच्या खात्यावर चालते का ते तिलाच विचारा. घरच्या पुरुषाचा क्यूआर कोड चिकटवायच्या आधी तर नक्कीच विचारा.

फोटोचं पण आधीच बोलून घ्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं चित्राचा हक्क काढणाऱ्याचा असतो, त्याच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं. चित्र विकलं म्हणून तो हक्क घेणाऱ्याकडे जात नाही, तसं लेखी द्यावं लागते. तेव्हा व्हॉट्सअॅपवर टाकायला, वाचनालयाच्या अहवालात छापायला परवानगी आहे का ते चिठ्ठीतच एक ओळ टाकून घ्या, अन् जिथे टाकाल तिथे नाव टाका. गावातल्या पोरीची रांगोळी तिच्या नावाशिवाय ग्रुपवर फिरते आणि खाली "सुप्रभात" लिहिलेलं असते, हे आपण रोजच पाहून राहिलो.

लावायचं कसं

चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ सेंटिमीटरवर आला पाहिजे, म्हणजे पावणेपाच फूट. आपल्याकडे सवय अशी की तसबिरी छताजवळ टांगायच्या, महापुरुषांच्या फोटोंच्या रांगेत, आणि मान वर करून पाहायचं. ते इथे नको. हिशोब सोपा आहे. चित्र फ्रेमसकट ६० सेंटिमीटर उंच असेल तर त्याची अर्धी उंची ३०, म्हणजे वरची कडा १७५ वर. मागची तार ताणली की वरच्या कडेपासून किती खाली येते ते मोजा, समजा ८, तर खिळा १६७ वर. प्रत्येक फ्रेमचं माप वेगळं, तार वेगळी, म्हणून प्रत्येकाचा हिशोब वेगळा करा, डोळ्यानं अंदाज घेऊ नका. लेकरांची चित्रं असतील तर मध्य शंभरच्या आसपास आणा, त्यांना दिसू द्या.

बारा फुटाची भिंत म्हणजे १४४ इंच. हाफ इम्पीरिअल कागद १५ बाय २२ इंचाचा, उभा लावला अन् माउंटसकट वीस इंच रुंदी धरली तर पाच चित्रांचे शंभर इंच, उरले ४४, ते पाच चित्रांच्या मधल्या चार अन् दोन्ही टोकांच्या दोन अशा सहा जागांत वाटले तर सात-सात इंच मोकळे राहतात. म्हणजे पाचच. कलाकार वीस घेऊन येईल, वीसही चांगली असतील, तरी पाचच. बाकीची फाईलमध्ये घालून टेबलावर ठेवा, पंधरा दिवसांनी बदला. गर्दी केली की शाळेतल्या विज्ञान प्रदर्शनासारखं दिसते, सगळं आहे अन् काहीच दिसत नाही.

प्रत्येक वेळी भिंतीला भोकं पाडायची नसतील तर एकदाच ड्रिल मारून वर आडवा पाइप किंवा लाकडी पट्टी पक्की करा, तिला हुक, हुकाला नायलॉनची दोरी, दोरीला फ्रेम. पुढची कित्येक वर्षं खिळा ठोकायचं काम नाही. चुन्याची जुनी भिंत असेल तर खिळे धरतच नाहीत, अशा ठिकाणी बुरडाकडून बांबूच्या ताट्या करून घ्या, सहा बाय चार फुटाच्या, मागून टेकू लावून उभ्या करा, वरून पांढरं सुती कापड ताणा. दिसते पण छान अन् बुरडाला काम मिळते. त्याचं पण नाव लावा.

फ्रेमचा खर्च कलाकारावर टाकू नका, त्यातच निम्मी लोकं गळतात. वाचनालयानं एकाच मापाच्या पाच-सहा फ्रेमा करून ठेवायच्या, मागून उघडता येतील अशा, महिन्या-महिन्याला आतलं चित्र बदलायचं. चित्र अन् काच यांच्यामध्ये माउंटबोर्डची जाडी राहू द्या, काचेला चिकटलेला रंग दमटपणात काचेसोबतच निघतो. चित्राला सेलोटेप लावायचा नाही, फेव्हिकॉल तर अजिबात नाही. टेपचा गोंद काही महिन्यांत पिवळा होऊन कागदात शिरतो, तो डाग जात नाही. कोपऱ्यांना कागदाचे त्रिकोणी खिसे करून त्यात चित्र अडकवा, जुन्या फोटो अल्बममध्ये असायचे तसे. चित्राला गोंद लागतच नाही.

बल्ब लावायचा तर एलईडी, वरून तिरपा. समोरून लावला की काचेत पाहणाऱ्याचंच तोंड दिसते. पिवळ्या जुन्या बल्बनं कागद तापतो, तो काढा.

कापडाला टाचणी नको. कोशाचं लुगडं टांगायचं तर पीव्हीसी पाइपला धुतलेलं सुती कापड गुंडाळा अन् त्यावरून सोडा, घडी घालून ठेवलं तर घडीवरच ते विरते. डांबराच्या गोळ्या कापडाला टेकवू नका. बांबूची वस्तू घेताना पांढऱ्या कागदावर ठेवून हलकेच आपटा, पिठासारखी पावडर पडली तर आत भुंगा आहे, ती बाहेरच ठेवा, पुस्तकांच्या कपाटाजवळ तर चुकूनही नाही. पितळ चिंचेनं घासायचं ते कारागिराकडूनच घासून घ्या, त्यानंतर उचलताना कोरडा रुमाल, बोटांचे ठसे काळे पडतात. कच्च्या मातीच्या मूर्ती खाली, भिंतीला लागून, म्हणजे पडल्या तरी उंचावरून पडत नाहीत. आणि फ्रेमांच्या वरच्या कडा दर आठवड्याला पुसा, पालींचं काम तिथेच चालते.

एक वस्तू हात लावायला ठेवाच. "हात लावू नये" हे सगळीकडे लिहिलं की लेकरं बरोबर तिथेच हात लावतात. एक बैल, एक सूप, गोधडीचा एक तुकडा वेगळ्या टेबलावर, पाटी: "हात लावून पाहा". बाकीचं शाबूत राहते.

नावाची पट्टी

प्रत्येक वस्तूजवळ एक पट्टी, ठळक टाईपात, चष्मा विसरून आलेल्या माणसालाही वाचता यावी अशी. नाव, गाव, काय आहे, कशाचं, वर्ष, किंमत. बाईचं नाव तिला जसं पाहिजे तसं. सौ. लिहायचं की नाही, माहेरचं आडनाव की सासरचं, तिलाच विचारा, आपण ठरवू नका. खाली दोन-तीन ओळी तिच्याच बोलीत. "सागाचं लाकूड चालते, पन वला नाही पायजे, वल्ल्याले चीर पडते." हे प्रमाण भाषेत दुरुस्त करू नका. आपल्या वाचनालयांत वऱ्हाडी फक्त विनोदी कथासंग्रहात सापडते, इथे ती कामाच्या गोष्टी सांगताना दिसू द्या.

भिंतीच्या खाली एक बाक टाका अन् त्यावर पुस्तकं मांडा, हे गॅलरीला जमत नाही ते आपल्याला जमते. ड्युई वर्गीकरणात कला म्हणजे ७००, हस्तकला ७४५, चित्रकला ७५० च्या घरात, ग्रंथपालांना पाच मिनिटांचं काम. पुस्तकं कमीच निघतील. मग जिथे कमी आहेत तिथे पुढच्या खरेदीच्या यादीत टाका, त्या निमित्तानं कळते की आपल्या कपाटात कादंबऱ्या किती अन् सुतारकामावर काहीच कसं नाही.

आणि वेगळी एक फाईल उघडा, "गावातले कारागीर आणि कलाकार". चिठ्ठीची कॉपी, फोटो, मोबाईलवर घेतलेलं अर्ध्या तासाचं बोलणं, कोणाकडून शिकले, कोणती हत्यारं, आता कोण शिकून राहिलं. फोन नंबर फाईलमध्ये ठेवा, भिंतीवर लावू नका, विशेषतः पोरींचे. वर्ध्याचं मगन संग्रहालय १९३८ पासून ग्रामोद्योगाच्या वस्तू जपून आहे, तिकडे कधी गेलात तर पाहून या. पण तुमच्या गावातल्या बुरडाची नोंद तुमच्याशिवाय कोणी ठेवणार नाही.

लोकांना कळवायचं कसं

आठवडी बाजाराच्या दिवशी सुरू करा. त्या दिवशी आजूबाजूची सगळी खेडी येतात. स्टेज नको, खुर्च्या नकोत, चहा अन् आलुबोंडे पुरे. फीत कापायचीच असेल तर कलाकाराच्या आईनं, नाहीतर त्याच्या पहिल्या गिऱ्हाइकानं कापावी. आमदार साहेबांना बोलवा म्हणून आग्रह होईलच, म्हणा महिनाभर भिंत उघडीच आहे, केव्हाही या. निवडणुका जवळ असतील तर कोण्याही नेत्याचा फोटो असलेला फ्लेक्स लावूच नका, आचारसंहितेत तोच उतरवत बसावं लागते.

मेसेज छोटा. "आपल्या वाचनालयात पूर्ण महिना तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल. घडवणारे बाबा दर बुधवारी संध्याकाळी ५ ते ७ तिथेच बैल घडवत बसतात. लेकरं घेऊन या." गुलाबाची फुलं अन् हात जोडलेले इमोजी टाकून त्याची लग्नपत्रिका करू नका.

कलाकार तिथे बसून काम करतो ती संध्याकाळ सगळ्यात मोलाची. भुसा पडतो, ठोकठोक होते, म्हणून वाचनालयाच्या ओट्यावर बसवा, अभ्यासिकेवाल्यांना आधी सांगून. शाळांना बोलवायचं तर एका वेळी वीस-पंचवीसच लेकरं, अन् सोबतच्या गुरुजींना एक प्रश्न देऊन ठेवा, "या पाच बैलांत कोणता एकाच लाकडातून काढला ते शोधा." नाहीतर ते रांगेत येतात, रांगेत जातात.

अभिप्राय वही ठेवा, पण तिच्यात "खूप छान उपक्रम" याशिवाय काही येत नाही. त्यापेक्षा एक पेटी ठेवा, शेजारी कागद अन् हे प्रश्न: पुढच्या महिन्यात कोणाला बोलवायचं, त्याचं घर कुठे. पुढची नावं यातूनच निघतात.

काढताना

परत द्यायच्या तारखेला परतच द्या, चार दिवस उशीर झाला की पुढचा माणूस वस्तू द्यायला कचरतो. आणतानाचे फोटो समोर ठेवून एकेक वस्तू कलाकाराला दाखवा, काही खरचटलं असेल तर तो बोलायच्या आधी आपण बोला. विकलेल्या वस्तूंचा हिशोब त्याच दिवशी मिटवा, घेणाऱ्याला पावती कलाकाराच्या नावानं. काहीच विकलं गेलं नसेल तरी किती जण थांबले, काय विचारत होते ते त्याला सांगा, अन् त्याच्या वस्तू ऑटोत किंवा बैलबंडीत घालून घरी पोचवायची सोय वाचनालयानं करावी. फ्रेम रिकामी करा, काच दोन्हीकडून पुसा, आत किडा-मुंगी नाही ना पाहा, आणि भिंत मोकळी दिसायच्या आत तिच्यावर पुढच्या माणसाच्या नावाचा कागद लावून टाका.